थांबला की थरथरणारा हात

सोमवार, ११ मार्च २०१९

ही वही शिलूची. कॉलेजात अर्धी भरली, उरलेली पानं मला दिली. म्हणाली, "आजी, रोज चार ओळी लिहीत जा. तुझं अक्षर मुंगीएवढं व्हायलंय." मी म्हणलं, बरंच की, कागद कमी लागतो. माझी शाळा दुसरीपर्यंत. मग मेंढरांमागं गेले. पुढं लेकरं झाल्यावर वस्तीवर रात्रीचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथं गुरुजींनी माझी पाटी सगळ्या बायांना फिरवून दाखवली होती. बानाबाईचं अक्षर बघा, म्हणले, जवारीच्या दाण्यासारखं. ते जाऊ दे.

आज लिहायसारखं हे आहे की घरात एक हात आलाय. नुसता हात, माणूस नाय. शिलूनंच बनवलाय. शिलू म्हंजे सत्यशीला, माझ्या रामेश्वरची थोरली, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. पाटावर बसवलेला हात, खांदा, कोपर, मनगट सगळं जिथल्या तिथं, अन् बोटांच्या जागी देव्हाऱ्यातली पळी बांधलेली. मला न विचारता नेली पळी. मी रागावणार होते, पण तो हात असा ऐटीत बसला होता की हसूच आलं.

दुष्काळ आहे. आम्ही मेंढरं विकून शहराच्या कडेला देवळाईला आलो तेव्हा घरामागं नुसता माळ होता, आता चारी बाजूंनी बिल्डिंगा उठल्या, पण नळ काय आला नाय. बोअर आटले, टँकर येतो तेव्हा येतो. म्हणून मी खिडकीतल्या कपांमधल्या मिरचीच्या रोपांना पळीनं पाणी घालते. ते बघून शिलूला सुचलं की रोपांना पळीपळीनं पाणी घालणारा हात करायचा, कॉलेजात परीक्षेला दाखवायचा. रोपवाटिकेवाल्यांच्या कामाचा आहे म्हणे.

गुरुवार, १४ मार्च

आज मी मास्तरीण झाले.

शिलूनं आधी हाताला आकडे सांगून पाणी घालायला लावलं होतं. त्यानं पाणी कपात घातलं, कपाबाहेर घातलं, शिलूच्या मांडीवर बी घातलं. मग ती म्हणाली, आजी, तूच शिकव. लॅपटॉपवर दोन बटणं केलीत, मराठीत लिहिलेली, माझ्यासाठी. एक "शिकव", दुसरं "चालव". शिकव दाबलं की हाताच्या मोटारी ढिल्या पडतात. मग मी त्याचं मनगट धरायचं, वाटीत पळी बुडवायची, एकेका रोपाला घालायची, जशी रोज घालते. मोटारींच्या पोटातून शिलूनं एकेक जास्तीची तार बाहेर काढलीय. ती तार सांगत राहते की आता कोपर इथं आहे, आता मनगट इथं आहे. लॅपटॉप ते ध्यानात ठेवतो.

मी विचारलं, मोटार तर पंख्यात बी असते, ती का नाय शिकत?

"ती नुसती गरगर फिरते, आजी. ही सर्व्हो मोटार. हिला सांगितलं तिथं जाते अन् तिथंच थांबते. कुणी ढकललं तर परत जागेवर येते."

"म्हंजे तुझ्या आजोबासारखी."

शिलू इतकी हसली की तार निसटली.

तर मी शिकवलं. शिकवता शिकवता मला फर्दापूरची आठवण झाली. लेण्या बघायला आलेल्या गोऱ्या बाईनं माझ्या कोकराचा फोटो काढला होता अन् कोकरानं तिची टोपी खाल्ली. ते सांगत मी एका रोपावर हात टेकवून थांबले. पुढं दुसऱ्या रोपावर टोपीचं काय झालं ते सांगितलं. मग शिलूनं "चालव" दाबलं.

काय सांगू! हात आपला आपण उठला. पळी बुडवली, रोपावर नेली, अन् जिथं मी गोऱ्या बाईची गोष्ट सांगत थांबले होते तिथं तो बी थांबला! गोष्ट ऐकल्यासारखा. मग पुढं गेला. रत्नमाला, माझी सून, पीठ मळायचं सोडून बघायला आली. म्हणाली, "आत्याबाई, आता घरात दोन झाले गप्पा मारणारे."

एकच खोट. थांबला की थरथरतो. पळीतलं पाणी टपटप सांडतं.

रविवार, १७ मार्च

शिलू बेजार आहे. हात चालताना झकास, थांबला की थरथर. ती म्हणते, स्वस्तातल्या सर्व्होची खोडच असते. नेमक्या जागी थांबता येत नाय, जरा पुढं जातात, जरा मागं येतात, जागा शोधत राहतात. काल म्हणाली, बिल्डिंगवाल्यांचा पंप सुरू झाला की लाईट कमी होते, त्यानं होत असंल. पंप बंद झाल्यावर बघितलं. थरथर तशीच. मग तारेत कसलं तरी छोटं पिंप बसवलं, वीज साठवायचं. तरी तेच. महिनाभरात परीक्षा. लेकरू नीट जेवत बी नाय.

आज माझ्या हातून कप सुटला. फुटला. बसून होते, हात मांडीवर होता, नुसता होता, अन् चहाचा कप घ्यायला गेले तर बोटं आधीच नाचायली. कामात असला हात की बरा असतो. धुणं धुताना, भाकरी थापताना काय नाय. निवांत बसलं की सुरू. म्हणून मी आता निवांत बसतच नाय. बसले तरी हात पदराखाली घेते.

इथं लिहिते, दुसरीकडं कुठं बोलायची नाय. मला भामाबाईची भीती वाटते. म्हंजे भामाबाईची नाय, तिच्यासारखं व्हायची. भामाबाई माझी जाऊ, गावाकडं असते. तिचा हात आधी असाच बसल्या बसल्या नाचायचा. मग लोक म्हणायला लागले की वारं लागलंय, बाहेरचं आहे. कुणी तिच्या हातचा चहा घेईना. लग्नात हळद लावायला बोलवीनात. चुलीपासून उठवली, आता गोठ्याशेजारी बसून असते, सून घास भरवते. बोलायला माझ्यापेक्षा तिखट होती ती. आता बोलतच नाय. माझा हात असा गेला तर मी लिहिणार कशानं, भाकरी करणार कशानं? मला कोपऱ्यात बसायचं नाय.

वर आज भात करपला अन् मला वासच आला नाय. रत्नमाला म्हणाली, "आत्याबाई, नाक कुठं गहाण ठेवलं?" मी म्हणलं, तुझ्या माहेरी.

बुधवार, २० मार्च

आज होळी. पोळ्या केल्या. अन् एक गोष्ट केली, ती शिलूला अजून सांगितली नाय.

झालं असं, की काल शेजारची मुक्ताबाई हात बघायला आली होती. बघून तोंडावर बोट ठेवलं. "अगं माय, किती गुणाचा! आमच्या पोरांना सांगितलेलं कळत नाय, अन् हा बिनडोक्याचा सगळं ऐकतो." एवढं म्हणून गेली. रात्री हात जास्तच थरथरला. मला तर जास्तच वाटला. मुक्ताबाईची नजर कशी आहे ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे, तिनं आमच्या लिंबाला नुसतं बरं म्हणलं अन् लिंबू वाळलं.

मग आज शिलू आंघोळीला गेली तेव्हा मी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेतल्या अन् हातावरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, पापी चांडाळाची, सगळं म्हणलं. लेकरासारखंच आहे ना ते, त्याची दृष्ट काढायला काय हरकत. पण माझीच मूठ ऐन वेळी हलली अन् मीठ सांडलं. तार काढायला शिलूनं मोटारींची झाकणं उघडी ठेवलीत, तिथं गेलं. मी फुंकर मारली. पदरानं पुसलं. वाटलं, झालं साफ.

संध्याकाळी शिलूनं "चालव" दाबलं, तर हाताच्या कोपरातून जात्यात खडा आल्यासारखा आवाज. कर्र, कर्र. मग मनगट बी अडकलं. हात अर्ध्या वाटेत तसाच उभा राहिला, पळी वर करून.

मी म्हणलं, होळीची बोंब मारायला थांबला असंल. कुणी हसलं नाय.

शनिवार, २३ मार्च

शिलूला सांगितलं. नाय सांगितलं असतं तरी कळणार होतं. आज तिच्याबरोबर रिक्षानं औरंगपुऱ्यात गेले, शफीकभाईच्या दुकानात. एवढंसं दुकान, वरपासून खालपर्यंत मोटारी, तारा, मोबाईलची पोटं उघडी. शफीकभाईनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला अन् मोटार उघडून बघितली.

"बेटा, ये मोटरां के अंदर नमक किदर से आया?"

शिलू माझ्याकडं बघायली. मी म्हणलं, "नजर उतारी थी."

त्यानं मोटार खाली ठेवली. "किसकी? मोटर की?"

"हौ."

मला वाटलं हसंल. तो म्हणाला, "अम्मा, मेरी अम्मी होते तो वो बी उतारते. मगर ढक्कन लगा के उतारना था ना!" मग असा हसला की शेजारचा घड्याळवाला डोकावला. चहा पाजला. मोटारींचे दाते प्लास्टिकचे होते, मिठानं खाल्ले म्हणाला, आता धातूच्या दात्यांच्या घ्या, साऱ्याच बदला, एक जुनी एक नवी ठेवू नका. त्यानं प्रत्येक मोटार दुकानात फिरवून, थांबवून दाखवली. शिलू कान लावून बसली होती. एक बी थरथरली नाय.

येताना रिक्षात शिलू म्हणाली, "एक बरं झालं आजी. आता मोटारींचा दोष राहिला नाय."

मी म्हणलं, बघ, दृष्ट काढल्याचा गुण आलाच.

सोमवार, २५ मार्च

लिहावं तेवढं थोडं. आज तर गंमतच झाली.

शिलूनं सगळ्या नव्या मोटारी बसवल्या. जुना धडा लॅपटॉपात होताच, मी शिकवलेला. तोच लावला. हात उठला, पळी बुडवली, गोऱ्या बाईच्या जागी थांबला. अन् थरथरला! अगदी तसाच! मोटारी नव्या, तरी थरथर जुनी.

मी टाळ्या वाजवल्या. शिलूनं नाय वाजवल्या. रत्नमालाला म्हणाली, आई, तू शिकव. तिनं शिकवलं. हात थांबला, थरथर नाय. मग शिलूनं स्वतः शिकवलं. तरी नाय. मग मला म्हणाली, आजी, पाणी बिणी राहू दे, त्याच्या मनगटावर नुसता हात ठेव अन् गप्पा मार. मी टोपीची गोष्ट पुन्हा सांगितली. लॅपटॉपवर रेघ निघत होती. तिच्या हाताची रेघ सरळ होती, माझी करवतीच्या दात्यांसारखी, सारे दात एकसारखे. कुणी मुद्दाम काढायचे म्हणलं तर निघायचे नाय.

म्हंजे तो हात माझ्यापाशीच थरथरतो! मेंढीचं कोकरू असंच असतं. दुसऱ्यानं उचललं तर गप, अन् ज्याच्या अंगाची सवय आहे त्यानं उचललं की लाडात येऊन कापतं. मी हे शिलूला सांगितलं. ती गच्चीवर गेली. खाली आली तर डोळे लाल. शेजारच्या बांधकामाची धूळ गेली म्हणे.

मग हिंगाची डबी माझ्या नाकाखाली धरली. "वास येतो का, आजी?"

मी म्हणलं, हिंग जुना झालाय, नवा आणा.

शुक्रवार, २९ मार्च

घरात काहीतरी शिजतंय. रामेश्वर कंपनीतून आला की तिघं आत जाऊन कुजबुजतात. मी गेले की टँकरचा विषय काढतात. आज माझ्या हातून तेलाची वाटी उपडी झाली अन् रत्नमाला म्हणाली, "असू द्या, आत्याबाई." असू द्या? सून रागवत नाय म्हंजे काहीतरी लई बिघडलंय. मला तिच्या बोलण्याची सवय आहे, त्याशिवाय जेवण जात नाय.

बहुतेक शिलूच्या परीक्षेचं असंल. माझ्यापायी लेकराचं नुकसान झालं.

गुरुवार, ४ एप्रिल

शिलू म्हणाली, एका मोठ्या डॉक्टरांना आपला हात बघायचाय, तू शिकवलाय म्हणून तू बी चल. मी नवं लुगडं नेसले. हात पिशवीत घालून नेला, पळी वर डोकावत होती.

डॉक्टरीण बाई होती. तिनं मशीनकडं धड बघितलं बी नाय. मलाच चालायला लावलं, वळायला लावलं. अंगठा अन् बोट टिचकीसारखं मिटा, उघडा, मिटा, उघडा. माझं मनगट धरून हलवून बघितलं. म्हणाली, चालताना तुमचा उजवा हात हलत नाय. मी म्हणलं, पदर धरायची सवय आहे. कागदावर नाव लिहायला लावलं. मला बरं वाटलं, सही नाय, पुरं नाव लिहिलं. तर म्हणते, "आधीपासून एवढं बारीक लिहिता?"

मग शिलूनं लॅपटॉप उघडून ती करवतीची रेघ दाखवली. तेव्हा मात्र डॉक्टरीण खुर्ची ओढून जवळ आली. शिलूला म्हणाली, "हे तुला कसं सापडलं?"

शिलू म्हणाली, "मिठामुळं."

माझ्या हाताला म्हातारपण नाय, आजार आहे. त्याला नाव बी आहे, इंग्रजी, लांबलचक, ते शिलू लिहून देणार आहे. डोक्यातून हातापायाला निरोप जातो, तो निरोप नेणारं औषध आतल्या आत कमी पडतंय. म्हणून हात थांबला की नाचतो, अक्षर बारीक होतं, वास जातो. गोळी आहे. आजार जात नाय, पण लवकर धरला तर पुष्कळ वर्षं ताब्यात राहतो. हे सगळं डॉक्टरीणबाईनं मला सांगितलं, माझ्या तोंडाकडं बघून. शिलूकडं बघून नाय. ते मला आवडलं.

शनिवार, ६ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. काल लिहिलं नाय. खरं लिहू? घाबरले होते. गोळी घेतली तरी मनात भामाबाईच बसलेली. सकाळी मी गॅसपाशी गेलेच नाय. भिंतीला टेकून बसले, म्हणलं, त्यांनी उठवण्याआधी आपणच उठावं.

रत्नमाला आली. कमरेवर हात. "आत्याबाई, सण मी एकटीनं करायचा का?"

"माझा हात..."

"हात कामात असला की बरा असतो ना? मला काय दिसत नव्हतं व्हय, पदराखाली काय लपवता ते? मला वाटलं, दुखतोय. विचारलं असतं तर माहेर काढलं असतं तुम्ही माझं. उठा. पुरण वाटायचंय."

उठले. पुरण वाटलं. मधेच एकदा ती म्हणाली, "सांडू नका हो!" असं जिवाला गार वाटलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

शिलूची परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, प्रोग्रॅममध्ये थरथर गाळून टाकायची सोय का नाय केली? शिलूनं सांगितलं, केलीय. एक चाळणी केलीय, ती लावली की हात सरळ चालतो, पाणी सांडत नाय. ती रोपांसाठी. पण चाळणीच्या आधीची रेघ बी जपून ठेवते, ती माणसांसाठी. सर म्हणे बराच वेळ तिला बसवून विचारत होते.

मी म्हणलं, माझं नाव घेतलंस का?

"घेतलं. हाताची शिक्षिका, बानाबाई."

"अन् मिठाचं?"

"ते बी सांगितलं."

घ्या. आता कॉलेजभर झालं.

रविवार, १२ मे

ऊन लई. टँकर आठवडाभर नव्हता. मिरच्यांची दोन रोपं गेली, बाकीची तग धरून आहेत, एकाला फूल आलंय.

दर रविवारी शिलू मला हातापाशी बसवते. मी मनगटावर हात ठेवते, गप्पा मारते, रेघ निघते, ती डॉक्टरीणबाईला मोबाईलवर जाते. त्यावरून बाई गोळी कमी-जास्त करते. आज रेघ बघितली. दात आहेत अजून, पण बोथट, पोळीच्या कडेसारखे. मग नव्यानं शिकवलं अन् शिलूनं चाळणी न लावता "चालव" दाबलं. हात रोपावर जाऊन थांबला. पळीच्या टोकाला एक थेंब आला, लोंबला. आम्ही तिघी बघत होतो. थेंब तसाच राहिला. हातानं पळी कलती केली तेव्हाच पडला, मुळाशी.

माझं अक्षर बी बघा, वरच्या ओळीपेक्षा मोठं आलंय. वही लवकर संपणार.

रामेश्वरला सांगितलं, गावाकडं जा, भामाबाईला घेऊन ये. तो म्हणाला, ते लोक सोडतील का? मी म्हणलं, गोठ्यापाशी ठेवलीय, नेली तर हरकत कोण घेतंय.

रविवार, १९ मे

भामाबाई आली. किती वाळलीय. दारातच उभी राहिली, आत येईना. "बाना, तुझ्याकडं लेकरं आहेत. माझं वारं लागंल कुणाला."

मी तिला ओढून आत आणलं, खाली बसवलं. पाणी दिलं, तिनं माझ्याकडून घोट घेतला. मग मी म्हणलं, आता तू मला दे. तिनं तांब्या उचलला. निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. दुष्काळात. उरलेलं मी पिले.

शिलूनं तिला हातापाशी नेलं. "मोठी आजी, यावर नुसता हात ठेवा." तिनं भीत भीत ठेवला. तिची रेघ माझ्यासारखीच, दात मोठाले. मग शिलूनं तिला हात काढायला सांगितला अन् "चालव" दाबलं.

तो थरथरायला लागला. भामाबाई लांब बसलेली, तिचा हात तिच्या मांडीवर, अन् इकडं मशीन तिच्यासारखं थरथरत होतं. आधी ती दचकली, मागं सरकली. मग सरकत जवळ आली. कधी मशीनकडं बघे, कधी आपल्या हाताकडं.

"हे माझं आहे?"

"तुमचंच," शिलू म्हणाली.

"अन् मग ह्याला कुणाचं वारं लागलं?" भामाबाई म्हणाली. किती वर्षांनी तो तिखट आवाज ऐकला. "लोखंडाला बाहेरचं लागतंय व्हय गं, बाना?"

रत्नमाला आत फुटली हसत. मी बी. भामाबाईला हसू यायला जरा वेळ लागला, पण आलं.

मग तिनं काय केलं, तर आपला नाचरा हात पुढं करून त्या मशीनच्या हातावर ठेवला. कापणाऱ्या कोकराला धरतात तसा. "उगी," म्हणाली, "उगी, बाबा. होईल बरं."

गुरुवारी डॉक्टरीणबाईकडं आम्हा दोघींचा नंबर आहे. भामाबाई विचारत होती, चांगलं लुगडं नेसायचं का. मी म्हणलं, नेस. अन् तुझं पुरं नाव लिहायला शिकवते तोवर, ती लिहायला लावते.